डॉ. आनंदीबाई जोशी आणि त्या काळची वर्तमानपत्रे

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या शाळांतल्या मुलांना ठाऊक असते. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी स्त्री, एवढी एक ओळ पाठ होते आणि ती लिहून मुले पुढच्या प्रश्नाकडे वळतात. आगमन-शताब्दीच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगायचे ते थोड्या वेगळ्या कारणासाठी. आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या, तशा आपल्या पणज्या-खापरपणज्याही गेल्या. आनंदीबाईंविषयी दोन देशांतल्या वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी भरभरून लिहिले. आपल्या पणज्यांचे नाव बातमीत आले नाही. छापले गेले ते कोणत्या शब्दांत छापले गेले आणि राहून गेले ते का राहिले, हे आम्हांला या चरित्राच्या निमित्ताने पाहायचे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी कल्याणचे. घराणे एके काळी सुखवस्तू होते, पण यमुनेच्या लहानपणी घरची ओढाताण सुरू झाली होती. नवव्या वर्षी, म्हणजे १८७४ साली, तिचे लग्न गोपाळराव विनायक जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि टपाल खात्यात कारकून होते. त्यांनी बायकोचे नाव आनंदी ठेवले. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. त्या काळी बायको पुस्तक घेऊन बसली तर घरात मारहाण होई. गोपाळरावांच्या घरी अभ्यास टाकून स्वयंपाकघरात रमली म्हणून मार बसे.

टपाल खात्याच्या नोकरीत बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि शेवटी कलकत्त्याजवळचे सेरामपूर. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात राहिली. पुरुष डॉक्टरपुढे बायका आपले दुखणे सांगत नाहीत, लपवतात आणि मरतात. म्हणून बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून रुजला.

त्यांचे आयुष्य अमेरिकेच्या वाटेला लागले ते एका मासिकामुळे. कोल्हापुरास असताना, १८७८ साली, गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिले. पत्नीला शिकवायचे आहे, स्वतःला तिकडे काही काम मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. ते पत्र रॉयल वाइल्डर यांच्याकडे गेले. वाइल्डर यांनी कोल्हापुरात अनेक वर्षे मिशनचे काम केले होते आणि आता ते प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक चालवत होते. त्यांनी पत्र छापले. सोबत आपले उत्तरही छापले. आधी ख्रिस्ताला शरण या, असा त्याचा रोख होता.

अशा मासिकांची भाषा एका ठरावीक साच्याची असे. ख्रिस्ती नसलेल्या साऱ्या जगाला ‘हीदन’ हा एकच शब्द लावला जाई. त्यात मूर्तिपूजक, अडाणी आणि अंधारात चाचपडणारा असे तिन्ही अर्थ मिसळलेले होते. लिहिणाऱ्यांना तो शब्द शिवीसारखा वाटत नसे. आपण ऊन-पाऊस म्हणतो तितक्या सहज ते तो वापरत. कोल्हापूरचा एक टपाल कारकून आपल्या बायकोच्या शिक्षणाची चौकशी करतो, ही गोष्टही त्या पानावर आली ती धर्मांतराची शक्यता म्हणून.

पण छापलेला मजकूर कोणाच्या हाती पडेल हे छापणाऱ्याच्या हाती नसते. १८८० साली न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत तिथे पडलेला ‘मिशनरी रिव्ह्यू’चा जुना अंक त्यांनी चाळला. वाइल्डर यांच्या उत्तरापेक्षा गोपाळरावांचे पत्र त्यांच्या मनात घर करून राहिले. त्यांनी हिंदुस्थानात पत्र धाडले. तिथून आनंदीबाईंचा आणि त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सण, कपडे, स्वयंपाक, धर्म, बायकांची दुखणी, सगळे विषय त्यात येत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रकृती बरी नसे तेव्हा ही मावशी अमेरिकेहून औषधे पाठवी. ज्या अंकात या कुटुंबाला धर्म बदलण्याचा सल्ला होता, त्याच अंकामुळे त्यांना धर्म न बदलता राहायला एक घर मिळाले.

इकडे लोकांची नजर काही बदलली नव्हती. हातात पुस्तके घेऊन शाळेला जाणारी बाई दिसली की रस्त्यात माणसे जमत, हसत, टोमणे मारत. मुंबईत तेच आणि बंगालमध्येही तेच. आनंदीबाई अमेरिकेला जाणार हे कळल्यावर चर्चा आणखी वाढली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत भाषण केले. वय अठराही पूर्ण नव्हते. लोक जे प्रश्न विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला कशासाठी जायचे, इथे शिकण्याची सोय नाही का, एकटीने का जायचे, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय, परदेशी संकट आले तर काय, आणि शेवटचा प्रश्न असा की आजवर कोणत्या बाईने जे केले नाही ते आपणच का करावे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. भाषण छापले गेले आणि देशभरातून मदत येऊ लागली.

त्या सहाव्या प्रश्नापाशी आम्ही वाचकांना थोडे थांबायला सांगणार आहोत. सेरामपूर हुगळी नदीच्या काठी आहे. त्याच नदीवर खाली कलकत्त्याला मजुरांचे डेपो होते. तिथून मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, नाताळ आणि फिजीकडे जहाजे सुटत आणि त्यांत बायकाही असत. आपली मराठी माणसे बहुतेक मुंबई बंदरातून गेली. रत्नागिरी, कुलाबा, सातारा या भागांतली कुटुंबे १८४० च्या दशकापासून मॉरिशसला येत होती. म्हणजे आनंदीबाईंनी जहाजावर पाऊल ठेवले तेव्हा मराठी बायकांना समुद्र ओलांडून चाळीस वर्षे होत आली होती. काळे पाणी ओलांडले की जात जाते, ही भीती त्यांनाही होती. तरीही सभागृहातल्या एकाही श्रोत्याला तो प्रश्न चुकीचा वाटला नसावा. वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘स्त्री’ म्हणजे घरंदाज स्त्री. मळ्यावर जाणारी बाई त्या शब्दात बसत नव्हती. तिच्यासाठी वेगळा शब्द होता आणि तो होता ‘कुली’.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजाने निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते. मिशनच्या ओळखीच्या बायका बरोबर होत्या. ४ जूनला जहाज न्यूयॉर्कला लागले आणि कार्पेंटर मावशी धक्क्यावर उतरवून घ्यायला आल्या. उन्हाळा रोझेलला त्यांच्या घरी गेला. पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. केवळ स्त्रियांना डॉक्टर करणारी ती नावाजलेली संस्था होती आणि रेचल बॉडली या तिच्या प्रमुख होत्या. त्यांनीही आनंदीबाईंना मायेने वागवले.

अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना आनंदीबाईंचे मोठे अप्रूप वाटले. त्या मजकुरातले शब्द पाहण्यासारखे आहेत. हिंदुस्थानातून आलेला कोणीही असो, तिकडे तो ‘हिंदू’. मराठी, बंगाली, मद्रासी हा भेद नाही आणि पुष्कळदा धर्माचाही नाही. आपल्या बेटावर कोकणातून आलेल्या माणसालाही ‘मलबार’ म्हणत, तसाच हा प्रकार. त्यापुढे ‘उच्च जातीची’, ‘ब्राह्मण’ ही विशेषणे आवर्जून येत. मग लुगडे कसे नेसतात, दागिने कोणते, कपाळावर काय लावतात, मांस खात नाहीत हे खरे का, याचे वर्णन. अभ्यासाची गोष्ट बहुधा शेवटी. कौतुक खरे असे, पण ते लांबून पाहण्याचे कौतुक असे.

याच अमेरिकेत आदल्याच वर्षी, १८८२ साली, चिनी मजुरांना देशात येऊ न देण्याचा कायदा झाला होता. त्याआधी वीस वर्षे कॅलिफोर्नियात चिनी मजुरांवर कर बसवणारा एक कायदा झाला होता. त्याच्या नावातच ‘कुली’ हा शब्द होता. म्हणजे आपल्या पूर्वजांना चिकटवलेला शब्द तिथल्या वर्तमानपत्रांतही रोजचा होता आणि तो दरवाजा बंद करण्यासाठी वापरला जात होता. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आनंदीबाईंच्या ऐवजी कोकणातली एखादी शर्तबंद मजूर बाई उतरली असती, तर त्याच वर्तमानपत्रांनी कोणता शब्द उचलला असता हे सांगायला नको. यात आनंदीबाईंचा दोष नाही. त्या स्वतः परक्या देशात एकट्या होत्या. पण त्यांना मिळालेल्या मानात ‘उच्च जातीची’ या दोन शब्दांचा वाटा होता, हे आपण शर्तबंदांच्या लेकीबाळींनी जाणून असावे.

फिलाडेल्फियातले दिवस कष्टाचे होते. थंडी सोसेना. खोलीतली शेगडी धूर करी. शाकाहारी जेवण धड मिळत नसे. नऊवारी लुगड्याने पाय उघडे पडतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. खोकला आणि ताप मागे लागला. पुढे तो क्षयच ठरला.

लोकांपुढे बोलण्याचाही एक पेच होता. मिशनच्या बायकांनी एकदा त्यांना बालविवाहावर बोलायला सांगितले. लहानपणीच्या लग्नाचे सारे भोग स्वतः भोगलेल्या आनंदीबाईंनी त्या सभेत आपल्या देशाच्या चालीची बाजू घेतली, असे त्यांच्या अमेरिकन चरित्रलेखिकेने नमूद केले आहे. ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटले. आम्हांला ते समजू शकते. आपल्या घरातले दुखणे परक्यांच्या मासिकात हीदनांची रीत म्हणून छापले जाणार असेल, तर माणूस घराचे दार लावून घेतो. त्यांनी खरे काय ते लिहिले ते नवऱ्याला, खासगी पत्रात. लहान वयात त्याने फेकून मारलेली लाकडे आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या, हे सारे त्यांनी त्याच्यापुढे शांतपणे मांडले आणि त्याने शिकवले म्हणून आपण इथवर आलो हेही मानले. इकडच्या वर्तमानपत्रांना सुधारक नवरा हवा होता आणि तिकडच्यांना पिचलेली हिंदू बायको हवी होती. दोन्ही गोष्टी एकाच घरात असू शकतात, हे लिहायला कोणाच्याच रकान्यात जागा नव्हती.

कॉलेजातला एक फोटो प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ चा. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सिरियाच्या इस्लामबुली आपल्या देशी पोशाखात. तिघींना पोशाखावरूनच ओळखावे, अशी ती मांडणी. खाली छापलेल्या ओळीत आनंदीबाईंच्या गावाचे, सेरामपूरचे, नाव धड नाही आणि जोशी हे आडनाव इंग्रजीत शेवटी ‘ई’ अक्षर दोनदा घालून लिहिले आहे. आपल्यापैकी अनेकांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे तर जहाजावरून उतरताना आजोबांचे नाव हेच आडनाव होऊन बसले आणि कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे ते आजही आपल्या दाखल्यांवर चालले आहे.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीचे शिक्षण पुरे केले, त्यामुळे पहिली कोण हा वाद पुढे वर्तमानपत्रांना पुरला. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. जिथून पहिले पत्र गेले होते, त्याच गावी डॉक्टर म्हणून परतण्याचा हा योग होता.

तो जुळून आला नाही. १८८६ च्या अखेरीस त्या गोपाळरावांबरोबर मुंबईस उतरल्या त्या अंथरुणाला खिळूनच. पुण्यात उपचार झाले. जे वाळीत टाकतील असे वाटत होते, त्या पुण्यातले लोक त्यांना बघायला येऊन गेले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एकाही रोग्याला आपल्या गावी तपासण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ‘केसरी’सह मराठी वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी आदराने आणि हळहळीने लिहिले. शिकणाऱ्या बायकांची टिंगल ज्या समाजात रोजची होती, त्याच समाजाच्या छापील भाषेत हा फरक चार वर्षांत पडला. पण सवयी एका मृत्यूने जात नाहीत. तीनच वर्षांनी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेणाऱ्या प्रतिष्ठितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. ती नावे पुरवणारे गोपाळरावच होते. छापलेल्या नावाची ताकद त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार!

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. तिथल्या दगडावर त्यांचे नाव आणि पदवी आहे आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख आहे. परक्या मातीत, परक्या कुटुंबाने सख्ख्या लेकीसारखी जागा दिली, ही मोठी गोष्ट. आणि त्या मायेच्या दगडावरही जात कोरली गेली, हीही त्या काळच्या भाषेची गोष्ट. पुढच्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलाइन डॉल यांनी अमेरिकेत त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले आणि त्यात पत्रे घेतली. वर्तमानपत्रांत न आलेल्या आनंदीबाई आपल्याला भेटतात त्या या पत्रांमुळे.

आता आपल्या पणज्यांकडे वळू. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत काही नाही, मासिकांत नाही, चरित्र तर नाहीच. पण कागद अगदीच नाही असेही नाही. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक माणसाची नोंद झाली आहे. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जहाज. पुढे पुढे तिकिटासाठी फोटोही काढले गेले. ती नोंद कौतुकाची नव्हती. मजूर पळाला तर ओळखता यावा, यासाठी होती. एका ओळीत मावणारे ते वर्णन पाहिले की आनंदीबाईंच्या लुगड्या-दागिन्यांवरचे लांबलचक रकाने आठवतात. दोन्हीकडे बाई काय म्हणते हे विचारलेले नाही, बाई दिसते कशी एवढेच टिपले आहे. आनंदीबाईंना लिहिता येत होते, म्हणून त्यांचे म्हणणे पत्रांतून उरले. आपल्या पणज्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे म्हणणे जात्यावरच्या आणि झाकरीच्या गाण्यांत जेवढे उरले तेवढे उरले.

शब्द बदलतात, पण आपोआप बदलत नाहीत. ज्या धक्क्याला सगळे ‘कुली घाट’ म्हणत, त्याला आज आपण ‘आप्रवासी घाट’ म्हणतो. दगड तेच आहेत, पायऱ्या त्याच आहेत. नाव बदलायला मात्र कित्येक पिढ्या लागल्या आणि ते बदलले ते त्या माणसांच्याच वंशजांनी.

म्हणून शाळेतली ती एक ओळ आता थोडी वाढवून शिकवावी असे आम्हांला वाटते. आनंदीबाई शिक्षणासाठी समुद्र ओलांडणाऱ्या पहिल्या मराठी बायकांपैकी एक होत्या. पोटासाठी समुद्र ओलांडणाऱ्या मराठी बायका त्यांच्या आधी गेल्या होत्या. दोन्ही वाक्ये मुलांनी एकत्र पाठ करावीत. त्याने आनंदीबाईंचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही आणि आपल्या पणज्या मोजणीत येतात.

वाचकांना एकच विनंती. घरात जुने तिकीट, दाखला, फोटो, गाण्यांची वही किंवा जुन्या मराठी मासिकाचा अंक असेल तर तो फेकू नये. म्हाताऱ्या माणसांना नावे विचारून ती देवनागरीत, जशी उच्चारतात तशी, लिहून ठेवावीत. दातांच्या डॉक्टरकडे पडलेल्या एका जुन्या अंकाने काय घडवले ते आपण पाहिले. आपल्या पेटीतल्या कागदाचेही वाचक पुढे येतील.